सहा नळ्यांचा उजेड

हिनर्क जाऊन आठ महिने झाले, तरी त्याच्या टाकीवरचा दिवा दुपारी बाराला लागायचा आणि रात्री नऊला विझायचा. वेळ त्यानंच लावून ठेवलेली. ब्रेमरहाफेनच्या बंदरावर ऑक्टोबरात सूर्य दिसेल तर शपथ! पण गेझिनाच्या बैठकीच्या खोलीत रोज नऊ तास निळसर पांढरं ऊन पडायचं, आणि त्या उन्हात, दीड मीटर लांब काचेच्या टाकीत, प्रवाळ वाढायचे. मधोमध एक जांभळा, ताटाएवढा पसरट. तो हिनर्कचा सगळ्यात लाडका. सतरा वर्षांपूर्वी बोटाएवढा तुकडा आणला होता त्यानं.

गेझिनाला खरं तर या टाकीचा राग होता. गोदीतून सव्वाचारला आला की कोटसुद्धा न काढता हा बाबा आधी तिथं वाकायचा, बाही सारून कोपरापर्यंत हात पाण्यात. कॉफी गार व्हायची, फरशीवर थारोळं साचायचं.

"लग्न कुणाशी केलंयस रे तू?" ती ओरडायची.

"जिचं पाणी बदलावं लागत नाही तिच्याशी."

आता त्या टोमण्यासाठी तिचा जीव तीळतीळ तुटत होता.

त्याच्या वाढदिवशी तिला वाटलं, उजेड मंदावलाय. कपाटात त्यानं दिव्याच्या नव्या नळ्या आणून ठेवलेल्या होत्याच. स्टुलावर चढून तिनं सहाच्या सहा बदलल्या. टाकी अशी काही झळाळली की तिला रडूच आलं. पाचव्या दिवशी सगळे प्रवाळ पांढरे पडले.

तिनं ओन्नोला बोलावलं. ओन्नो म्हणजे हिनर्कचा प्रवाळमंडळातला जुना सोबती. मंडळाची रीत अशी, की आपल्या प्रवाळाचं कलम इतरांना वाटून ठेवायचं. आपला मेला तर त्यांच्याकडून परत मिळतो.

"सहाच्या सहा? एकदम?" ओन्नोनं कपाळावर हात मारला. "अगं बाई, तीन आठवड्यांनी एक बदलायची असते! जुन्या नळ्या हळूहळू मंदावतात, यांना त्याची सवय होऊन बसते. तू तर तळघरातल्या माणसाला भर उन्हात नेऊन उभं केलंस."

"मेले का रे?"

"अजून नाही. आणि हा मेलाच, तर याचं कलम आहे माझ्याकडे. देतो."

"मला नको ते. हिनर्कचा हात या प्रवाळाला लागायचा."

ओन्नो वाकून बघत होता, त्यानं एकदम नाक काचेला टेकवलं. पांढऱ्याफटक ताटाच्या मधोमध तेवढी एकच जागा जांभळी राहिली होती. एक तळवा आणि पसरलेली पाच बोटं.

"इथं वर काही धरलं होतंस? सावली पडेल असं?"

"नाही."

तर्जनीचं वरचं पेर नव्हतं. हिनर्कचं ते पेर गोदीत तारेच्या दोरात अडकून गेलं होतं, आणि त्या दिवशी त्याला दवाखान्यात नेणारा ओन्नोच होता. मग त्यानं दिव्याखाली पडद्याच्या जाळीचे तीन पदर ताणून बांधले.

"आठवड्याला एक काढ. घाई करू नकोस. पुन्हा भाजला तर उठायचा नाही." कॉफीही न घेता तो निघून गेला.

एक गोष्ट तिनं त्याला सांगितली नव्हती. टाकीतल्या दगडावर स्वतःच बांधलेल्या बारीक नळीत राहणारे, पिसांचा तुरा बाहेर काढणारे किडे होते. त्यांची पिसं सावली पडताच आत मिटायची. दिव्याच्या नळ्या बदलल्यापासून रोज सव्वाचारला ती पिसं डावीकडून उजवीकडे एकेक मिटत जायची. आसपास कुणी नसताना. मग पाणी काठावर चढायचं आणि फरशी ओली व्हायची. पंप बिघडला असेल म्हणून ती पुसून टाकायची.

जाळी बांधली आणि ते थांबलं. पिसं दिवसभर फुललेली, फरशी कोरडी. जांभळा रंग कडेकडेनं पसरू लागला, हाताचा आकार त्यात बुडत चालला. पहिला पदर निघाला. दुसरा निघायच्या आधीच ओन्नो आला तो हसतच.

"वाचला गं! आता हिनर्कला काळजी नाही."

हेच तिच्या काळजात रुतलं. काळजी नाही, म्हणजे यायचं कारणच नाही.

दुसऱ्या दिवशी तिनं लोण्याचा केक केला. दोन कप मांडले. चार वाजता कात्री घेऊन स्टुलावर चढली आणि उरलेले दोन्ही पदर कापून टाकले. सहाही नळ्यांचा उजेड टाकीत कोसळला.

"माफ कर रे," ती प्रवाळाला म्हणाली.

सव्वाचार झाले.

डावीकडचं पीस मिटलं. मग शेजारचं. मग सगळीच.

पाणी काठावर चढलं. टप, टप, फरशीवर.

जांभळ्या ताटावर हाताची सावली आली. तर्जनी आखूड.

"कॉफी गार होतेय," ती म्हणाली.

तिनं बाही सारली. आपला हात दिव्याखाली, त्या सावलीच्या शेजारी धरला. एक सावली मोठी, एक लहान. खांदा भरून येईपर्यंत ती तशीच उभी राहिली.

मग तिनं हात मागं घेतला.

प्रवाळावर दोन्ही सावल्या तशाच होत्या.