एक हजार नऊ

मुलांनो, कळमनुरीच्या मैदानावर उभी असलेली एक हजार नऊ लेकरं डोळ्यांसमोर आणा. पांढरे सदरे, जानेवारीतलं ऊन, जमिनीवर फक्कीच्या रेषा. त्या मीच आखल्या होत्या. निवृत्त गणित शिक्षकाला एवढं काम मिळतं.

आता त्या लेकरांच्या सारख्या रांगा करा. सात-सातच्या करा, एक उरतं. आठ-आठच्या, नऊ-नऊच्या करा, तरी एक उरतं. अकराच्या केल्या तर आठ उरतात. एकतीसपर्यंत तपासलं की पुरे; कशानेच पूर्ण भाग जात नाही. एक हजार नऊ ही मूळ संख्या आहे. हा काही तिचा दोष नव्हे, आणि लेकरांचा तर मुळीच नव्हे.

कवायतीचे प्रमुख हरिचंद सर. त्यांना छत्तीस-छत्तीसच्याच रांगा हव्या होत्या. अठ्ठावीस रांगा लागल्या आणि मागे एकटी उरली वारंगा फाट्याची आकांक्षा. पोरीने महिनाभर सराव केला होता. तिला पाहायला तिचा बाप भीमराज पंक्चरचं दुकान बंद ठेवून कुंपणापाशी उभा होता.

"तू जाय त्या लिंबाखाली," सर म्हणाले.

"मीच काहून, सर? आकडा मूळ हाय. गोल करा ना, मंग कोणीच उरत न्हाई."

"मोठी आली गणितवाली! मला शिकवून राहिली! हो बाजूला."

"हरिचंद, पोरगी बराबर बोलून राहिली," मी म्हणालो.

"गुरुजी, तुमी रेषा आखा. पाहुणे अकराला येऊन राहिले."

अजून आठवलं की माझं डोकं तापतं. रेषा पुसता येतात. त्या पुसायच्या सोडून लेकरू पुसायचं?

आकांक्षा गेली. राहिली एक हजार आठ. शिट्टी वाजली, रांगा लागल्या.

मागे एक पोरगं उरलं.

सरांनी मोजलं. मी मोजलं. एक हजार नऊ.

"कोणत्या शाळेचा रे तू?"

सरांनी त्यालाही लिंबाखाली धाडलं. पुन्हा शिट्टी. पुन्हा मागे एक.

आकांक्षाच्या मागोमाग अशी अकरा लेकरं गेली. शिक्षक याद्या घेऊन धावले. आकांक्षा सोडली तर कोणाच्याच यादीतलं लेकरू कमी नव्हतं.

मैदानात अजूनही एक हजार नऊ.

मी लिंबाकडे पाहिलं. आकांक्षा एकटीच बसली होती. तिकडे जाणाऱ्या फक्कीवर पावलं उमटली होती, तीही फक्त तिचीच.

मी जवळ गेलो.

"सरका जरा," ती म्हणत होती, "समद्यांना जागा व्हईल."

मग तिने डबा उघडला. भाकरीचे बारा तुकडे केले, अकरा रुमालावर मांडले. आणि अकरावा उचलला जाईपर्यंत तिने आपला तुकडा तोंडात घातला नाही.