डिएमची अकरा पुस्तकं

कान थो शहराच्या नदीघाटावर, कॉफीच्या टपरीत त्या दुपारी एकच खुर्ची रिकामी होती... नेमकी डिएमसमोरची. खांग संकोचत बसला. समोरची मुलगी मान वर करेना. हातात पानं निसटलेली इंग्रजी कादंबरी, आणि ओठांतल्या ओठांत हसू.

"डिक्शनरी नाही आणली?" त्याला राहवेना.

"घरी आहे. झोपलीय."

"मी इंग्रजी शिकवतो. शब्द पाठ केल्याशिवाय येत नसतात."

"शब्द माणसांसारखे असतात, मास्तर. तीन-चार ठिकाणी भेटले, की आपसूक ओळख होते." तिनं पापण्या उचलल्या.

"मग... आपली पुढची भेट कधी?"

"मला काय ठाऊक," ती म्हणाली. पण दुसऱ्या दिवशी त्याच वेळी ती तिथंच होती.

डिएमची शाळा नववीतच सुटली होती. ती एका छोट्या हॉटेलात चादरी बदलायची आणि पाहुण्यांनी टाकून दिलेली पुस्तकं घरी न्यायची. अशी दहा वाचून झाली होती, हे अकरावं. आता हॉटेलात स्वागतकक्षाची जागा निघाली होती. मुलाखत इंग्रजीत, आणि बाकीच्या मुली प्रमाणपत्रवाल्या.

खांगनं तीन हजार शब्दांची यादी आणली. "रोज शंभर पाठ कर."

"आणि महिन्यात विसरू?" तिनं कागद परत सरकवले. "हरले तर माझ्या वाटेनं हरेन."

त्याला लागलं. तरी तो येत राहिला. ती पान मोठ्यानं वाचायची, तो उच्चार सुधारायचा. अडलेल्या शब्दाचा अर्थ ती मागच्या-पुढच्या ओळींवरून ताडायची, मग तो डिक्शनरी उघडायचा. दहात सात बरोबर निघायचे. हळूहळू तो डिक्शनरीऐवजी तिच्याकडेच बघू लागला...

मुलाखतीत मॅनेजरनं विचारलं, चिडलेल्या पाहुण्याला कसं समजावशील? इतर मुलींनी घोकलेलं म्हणून दाखवलं. डिएम गोष्ट सांगावी तशी बोलली. एकदा शब्द अडला. ती दुसऱ्या शब्दांनी वळसा घालून पुढे गेली. मॅनेजरनं हातातलं पेन खाली ठेवलं.

"जागा मिळाली," तिनं टपरीत येऊन सांगितलं.

खांग उभाच राहिला. "अभिमान वाटतोय. खरं तर माझं श्रेय काहीच नाही."

"उच्चार तुमचेच होते की."

"डिएम... मला तू आवडतेस."

तिच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. तिनं नदीकडे बोट दाखवलं.

"चला," ती म्हणाली, "आधी आईला भेटा."

आई घाटाला होडी लावून अननस विकत होती.

"आई, हे खांग. मास्तर आहेत."

आईनं त्याला नखशिखांत न्याहाळलं. "हिला इंग्रजी तुम्ही शिकवलंत?"

"नाही मावशी. ती वाचून वाचून स्वतःच शिकली. मीच आता तिच्याकडून वाचायला शिकतोय."

वल्ही मारून वाकलेली आईची पाठ ताठ झाली. शेजारच्या होडीतल्या बाईकडे वळून तिनं अख्ख्या घाटाला ऐकू जाईल असा आवाज लावला, "ऐकलंस का गं? मास्तर काय म्हणाले?"

लाजेनं डिएमनं मान खाली घातली. हात मात्र तिनं खांगच्या हातात दिला होता.