पावणेचार ते चार

माधुरीला जुळं झालं ते साल दोन हजार पंचवीस. पोरींचं नामकरण नोव्हेंबरच्या सव्वीस तारखेला होतं, कोपरगावच्या अलीकडे, साखर कारखान्याच्या भिंतीला लागून असलेल्या वस्तीत. बुद्धवंदना झाली, नावं ठेवली, पंगत बसली. माधुरीची धाकटी बहीण रश्मी वाढत होती. मोबाईल वाजला, तिने तो बघितला आणि वरणाची बादली तिथेच ठेवून ती मागच्या खोलीत गेली.

तिची आजी भिमाबाई मागोमाग गेली.

मोबाईलवर आलेलं पत्र 'गोदाकाठ टेक कट्ट्या'चं होतं. तालुक्यातली कॉम्प्युटरचं काम करणारी पोरं महिन्यातून एकदा जमत, त्या गटाचं हे नाव. भिमाबाईने पत्र बोट ठेवून वाचलं. शनिवारी, बावीस तारखेला, कट्ट्यावर बोललेले पाहुणे वक्ते ओम यांच्यावर रश्मीने खोटा आरोप केला. कार्यक्रमाच्या व्हिडिओत तसं काहीही नाही. रविवारी, तीस तारखेला, पाच वाजेपर्यंत तिने जाहीर माफी मागावी. नाहीतर गटातून नाव कमी होईल आणि तिच्या कंपनीला कळवलं जाईल.

रश्मी पुण्यातल्या कंपनीचं काम घरी बसून करायची. असलं पत्र गेलं की नोकरी गेली.

"काय बोलला हुता त्यो?" भिमाबाईने विचारलं.

"मुलीने लिहिलेला प्रोग्राम आणि मुलीने लावलेली गाडी, मागून कुणीतरी सरळ करावीच लागते. सगळे हसले. मी उठून उत्तर दिलं. दुसऱ्या दिवशी घडलं ते गटावर लिहिलं."

"त्याला बोलू देऊ नका, असं लिवलं?"

"नाही. तो हे बोलला, एवढंच."

व्हिडिओत ओमचं वाक्य नव्हतं आणि रश्मीचं उत्तरही नव्हतं. तिथे बसलेल्या चौदा पोरांना काही आठवत नव्हतं. ओमची पुण्यात कंपनी होती आणि त्या पोरांना नोकऱ्या हव्या होत्या. व्हिडिओ काढला होता रश्मीच्या थोरल्या भावाने, सम्राटने. त्याचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान होतं. त्यानेही सगळ्यांना सांगितलं होतं की व्हिडिओ सलग आहे.

दारात रंभाजी उभा होता, भिमाबाईचा नवरा. माफी मागून मोकळी हो, शब्दाने काही अंगाला भोकं पडत नाहीत, असं तो नातीला म्हणाला.

"पडत न्हाईत तर त्या ओमला सांगा मागाया," भिमाबाई म्हणाली. "पोरी, लाव तुजा व्हिडिओ."

पडद्यावर फक्त ओमचं सादरीकरण दिसत होतं. माणूस म्हणून त्याचा एक हात तेवढा मधूनमधून यायचा. एकतीस मिनिटं. भिमाबाई डोळे मिटून ऐकत होती. कट्टा भरायचा तो वाचनालयाचा हॉल कारखान्याच्या फाटकासमोरच. बोलता बोलता कारखान्याचा भोंगा झाला. पुढे पुन्हा एकदा झाला.

तिने डोळे उघडले.

"ह्या दोन भोंग्यांच्या मदी किती येळ गेला?"

रश्मीने मागे नेऊन बघितलं. "नऊ मिनिटं."

भिमाबाई सव्वीस वर्षं कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये होती. पाळी सुटायचा पहिला भोंगा झाला की मोठं पातेलं चुलीवर चढवायचं. दुसऱ्या भोंग्याला चहा पेल्यांत. नऊ मिनिटांत ते पातेलं कधी उकळलेलं तिला माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ती बॉयलरवरच्या बन्सीकडे गेली. भोंगा त्याच्या हातात होता.

"बावीस तारखेला, शनवारी, पाळीवर कोन हुतं?"

"मीच की."

"भोंगा कवा दिला?"

"पावणेचारला एक अन् चारला एक. रोजचंच हाय, अक्का."

"सहा मिनिटं मागंपुढं?"

"एक मिनिट मागंपुढं झालं तर सुटनारी पाळी माज्या आईचा उद्धार करती. सहा मिनिटं झाली असती तर मी तुमच्यापुढं उभा दिसलो नसतो."

म्हणजे सहा मिनिटं कापली होती. कुणी?

गोरक्षनाथ कोपरगावात कॉम्प्युटरचे क्लास घ्यायचा, कट्टाही तोच चालवायचा. भिमाबाईला बघून त्याने खुर्ची दिली आणि लगेच सांगितलं की पत्र समितीने लिहिलं, त्याने फक्त सही केली. व्हिडिओ त्याने आला तसा गटावर चढवला होता. त्याने मोबाईल पुढे केला. शनिवारी संध्याकाळी सात दहाला सम्राटकडून आलेला, लांबी एकतीस मिनिटं. साडेसातला चढवलेला.

"अन् रश्मीनं कवा लिवलं?"

"रविवारी सकाळी दहा वाजता, मावशी. त्याआधी कुणी चकार शब्द काढला नव्हता."

ओम शिर्डीला उतरला होता. रविवारी माफी ऐकायलाच तो थांबला होता. आदल्या दिवशी, शनिवारी, भिमाबाई रश्मीला घेऊन त्याला भेटली. तो नम्रपणे बोलला.

"आजी, या देशात बोलायचं स्वातंत्र्य आहे. उद्या विनोदाचीही परवानगी काढायची का?"

"नको काढू. तू बोललास का न्हाई, तेवढं सांग."

"व्हिडिओत आहे का?"

"न्हाई."

"मग झालं."

"तुजं ते ॲप कशाचं?"

उसाच्या तोडणीचा अंदाज देणारं ॲप होतं. आकाशातून काढलेला शेताचा नकाशा त्याने कट्ट्यावर दाखवला होता, आणि त्यासाठीच तो पुण्याहून आला होता, असं त्याने अभिमानाने सांगितलं.

"नकाशा दावायच्या आदी पडद्यावर काय हुतं?"

"आमची माहिती. नकाशा दाखवून मी परत त्याच पानावर आलो."

"मंग नकाशा व्हिडिओत का न्हाई?"

ओम म्हणाला की त्याने गोरक्षनाथकडे याची तक्रार केली होती. मोबाईल अडकला असेल, असं उत्तर मिळालं होतं.

परत येताना बसमध्ये रश्मीने दोनदा विचारलं. "उद्या हॉलवर ये," एवढंच भिमाबाई म्हणाली. घरी आल्यावर मात्र तिने रंभाजीला बाजूला घेऊन सगळं सांगितलं. त्याने तिला सांगितलं की नातीची नोकरी गेली तर दुसरी मिळेल, पण हे चार लोकांत बोललीस तर माझ्याशी बोलू नकोस.

रविवारी साडेचारला हॉल भरला. चौदा पोरं, गोरक्षनाथ, ओम. सम्राट मागे, मोबाईलचा स्टँड लावून. रश्मी पहिल्या रांगेत. गोरक्षनाथने माफीचा कागद तिच्यापुढे ठेवला. भिमाबाईने तो उचलून घडी घातली.

"आदी माजं ऐका," ती म्हणाली.

तिने भोंग्याचं सांगितलं. नऊ मिनिटं आणि पंधरा मिनिटं. गोरक्षनाथने तिथेच व्हिडिओ लावून मोजलं आणि मान खाली घातली. पोरं एकमेकांकडे बघू लागली.

"आता कापलं कुनी? समद्यांना वाटंल, ह्या ओमनं. पन त्याला नको हुतं ते एक वाक्य. वाक्याला सहा मिनिटं लागत न्हाईत. अन् ज्या नकाशासाठी त्यो पुन्याहून आला, त्यो बी त्या सहा मिनिटांत गेला. सोताचा माल कोन फेकतं? त्यो न्हाई."

ओमने खांदे सैल सोडले.

"गोरक्षनाथकडं व्हिडिओ आला त्योच एकतीस मिनिटांचा. त्यो बी न्हाई. अन् आला कवा? शनवारी सांजच्याला. रश्मीनं लिवलं रयवारी. तवर तक्रारच नव्हती. मंग ओमचं वाक्य लपवायची घाई कुनाला? कुनालाच न्हाई. कापनाऱ्याला दुसरंच कायतरी लपवायचं हुतं."

तिने घडी घातलेला कागद खाली ठेवला.

"सहा मिनिटं का गेली? कारन एक आवाज सहा मिनिटं चालू हुता. ओमच्या वाक्यावर, रश्मीच्या उत्तरावर, नकाशावर बी. समद्या हॉलमदी असा आवाज कुनाचा, की ज्यो मोबाईलला समद्यांत मोठा ऐकू येतो? ज्यो मोबाईलच्या मागं उभा हाय त्याचा."

सगळे मागे वळले.

"सम्राट, तू हसलास," भिमाबाई म्हणाली. "अन् नुसता हसला न्हाईस. काय बोललास?"

सम्राटने हातातला स्टँड सोडला. तो म्हणाला, की कापला तेव्हा ताईच्या कानावर जाऊ नये एवढंच मनात होतं. तो नेहमी तिला ताईच म्हणायचा, धाकटी असून. दुसऱ्या दिवशी तिने लिहिलं, सगळे व्हिडिओ मागू लागले, आणि मग मागे फिरता आलं नाही.

"आता फिर," रश्मी म्हणाली. "मूळचा आहे?"

होता. सदतीस मिनिटांचा. त्याने तो लावला.

पहिला भोंगा झाला. ओमचा आवाज आला, गाडीचं वाक्य आलं, आणि लगेच एक हसणं, इतकं जवळचं की पोरांनी मोबाईल आहे तिकडेच बघितलं. मग रश्मीचा आवाज, लांबून: "तुमच्या नकाशाच्या मागे जो मोफत प्रोग्राम चालतो, त्यातल्या चुका सुधारणाऱ्यांच्या यादीत माझं नाव आहे. कुणी मागून सरळ केलं?" आणि त्यावर जवळचा आवाज शेजाऱ्याला सांगत होता, "बसवा रे तिला. घरी बी हेच ऐकतो आमी. पोरगी शिकवली अन् डोक्यावर बसली." नकाशा संपेपर्यंत ते चाललं होतं. दुसरा भोंगा झाला.

ओम म्हणाला की तो साधा विनोद होता आणि तो करायचा त्याला हक्क आहे.

"आहे," रश्मी म्हणाली. "इथे उभं राहून परत बोला. मी अडवणार नाही. पण बोललात हे मी सांगेन, आणि ते सांगायची माफी मागणार नाही. आज नाही आणि पुढेही नाही."

पाच वाजले. गोरक्षनाथने विचारलं की पूर्ण व्हिडिओ चढवायचा झाला तर सम्राटचं बोलणं तेवढं काढू का, घरचं आहे म्हणून.

"कायबी काडू नगंस," भिमाबाई म्हणाली. "एकदा काडलं म्हनून तर हितवर आलो."

सम्राटने स्वतःच तो चढवला, सदतीसच्या सदतीस मिनिटं, आणि खाली आपलं नाव लिहिलं. कट्ट्याने पत्र मागे घेतलं. रश्मीची नोकरी राहिली. भावाशी ती तीन आठवडे बोलली नाही. मग कामापुरतं बोलू लागली.

रंभाजी भिमाबाईशी बोलला नाही. भाकरी तो तिच्या हातची खायचा, पाणी मात्र स्वतः घ्यायचा. नातवाचं नाक चारचौघांत कापलं, एवढं शेजाऱ्यांकडून तिच्यापर्यंत पोचलं. तीही त्याला समजवायला गेली नाही.

रंभाजी सत्तावीस जानेवारी दोन हजार सव्वीसला, मंगळवारी सकाळी, वारला. भिमाबाईने त्याची माफी मागितली नव्हती.