लांब शब्द फोडताना

नाव कॉर्नेलियस, म्हणजे माणूस डचच असणार, असं समजून फोनवरचा साहेब त्याच्याशी भराभर डचमध्ये बोलत सुटला. आखातातल्या मीना सलमान बंदरातल्या त्या डच कंपनीत नुकताच आलेला ड्राफ्ट्समन गोरामोरा झाला. रिसीव्हर हातानं झाकून तो ऑपरेटर जोसेफीनकडे वळला.

“बाई, हा काय म्हणतोय हो?”

मराठीत… आणि तेही वसईच्या हेलात! जोसेफीननं रिसीव्हर घेतला आणि साहेबाचं म्हणणं त्याला मराठीत सांगितलं. ऑफिसात कित्येक वर्षांत तिच्याशी कुणी असं बोललं नव्हतं. खोलीत सोबतीला सुनीता होती, पण तिची हॉस्पिटलची ड्यूटी उलटी. दोघींची भेट दारातच व्हायची. शुक्रवारी, इथल्या सुट्टीच्या दिवशी, चर्च, मग एकटीनंच समुद्रावर फिरणं…

त्या दिवसापासून जेवणाच्या सुट्टीत त्याची डचची शिकवणी सुरू झाली; इतकी वर्षं फोन जोडता जोडता तिला ती भाषा येऊ लागली होती. शब्द कसले, नुसती लांबण! बंदर-अधिकाऱ्याच्या कचेरीला डचमध्ये एकच शब्द. कॉर्नेलियस तो एका दमात म्हणायला जायचा आणि मध्येच अडखळायचा. मग ती पेन्सिलीनं रेघा मारून शब्द फोडून द्यायची. “हा-फन… मेस-तर्स… कान-तोर. जोड कुठे आहे ते बघायचं, तिथे किंचित टेकायचं.” गाळ काढणारं जहाज म्हणजे बाख-खर-स्खिप. त्यातला ख त्याला जमेना. ती म्हणाली, आपला अरब ड्रायव्हर खलास म्हणतो ना, तसा घशातून काढ. त्यानं काढला, आणि दोघंही हसत सुटली. ‘तुम्ही’चं ‘तू’ कधी झालं, कळलंच नाही.

मग एके दिवशी त्यानं सांगितलं, कंपनी त्याला रॉटरडॅमला नेतेय. त्याआधी साहेब डचमध्ये मुलाखत घेणार. म्हणजे आपण सुधारलेला एकेक शब्द त्याला दूर नेत होता… मुद्दाम चुकीचं शिकवावं, असंही तिच्या मनात येऊन गेलं. पण तिनं मन लावून शिकवलं.

मुलाखतीच्या दिवशी बाहेर धुळीचा वारा सुटला होता. तो परत आला. निवड झाल्याचं सांगितलं, पण खाली बघत. तिनं अभिनंदन केलं. आणि शिकवणीची पेन्सिल खणात ठेवून दिली.

“एका शब्दाला अडलो,” तो म्हणाला. “आलेन-स्टांड.”

“शेवटी ट. आलेन-स्टांट,” ती सवयीनं म्हणाली. “आलेन म्हणजे एकटा, स्टांट म्हणजे उभा. लग्न न झालेल्याला म्हणतात.”

“अर्थ ठाऊक होता मला. साहेबांनी विचारलं, तू आलेनस्टांट का? मी… नाही म्हणालो.”

“का?”

“जोसेफीन, तुला सोडून मी एकटा जाणार नाही. माझं उत्तर चुकलं का, एवढं सांग.”

ती हलकेच मान हलवून म्हणाली, “नाही चुकलं.”