लंकाबाईचं पान

रंगुबाई आली तीच पुस्तक टेबलावर आपटत. दुष्काळी कामावर खडी फोडून घट्टे पडलेला हात तो. टेबल फुटायचं राहिलं हे नगरचं नशीब.

"माझी आजी कापली भाऊ! त्या पुंजाराम बाइंडरनं!"

खासगी तपासनीस सहादेव काकडे ताडकन उठले. त्यांचा सोबती आसाराम, निवृत्त हवालदार, टोपी शोधू लागला. "प्रेत कुठाय?"

"प्रेत न्हाई, पान!"

पुस्तक भूगोलाचं, ऐंशी वर्षांपूर्वीचं. त्याच्या पहिल्या कोऱ्या पानावर तिच्या आजीनं लिहिलं होतं: 'हे पुस्तक माझे. मी वाचते. ज्याला राग येईल त्याने समोर यावे. लंकाबाई.'

रंगुबाईला वाचता येत नव्हतं, पण ओळ तोंडपाठ होती. "आजीचं दुसरं कायबी न्हाई आमच्याकडं. ना फोटू, ना मणी. बांधायला दिलं, तर पान गायब!"

सहादेवांनी नवा पुठ्ठा उघडला. दोऱ्याजवळ कापलेल्या पानाची नखाएवढी पट्टी उरली होती. पुढच्या पानाला मसुरीएवढं भोक. त्यांनी त्यात उदबत्तीची काडी घातली. तिरकी सरकत ती चाळिसाव्या पानापर्यंत गेली.

"कसरीनं खाल्लंय. आजीच्या पानालाबी भोक हुतं," रंगुबाई म्हणाली. "ल्हानपनी मी त्यातनं बगायची."

"अळीची जबानी नंतर घेऊ," आसाराम म्हणाला. "आधी बाइंडर धरू."

पुंजाराम भडकलाच. "तीस वर्षं पुस्तकं शिवतोय! मला पान काढायचं असतं तर दोरा सोडवून आख्खं काढलं असतं. हे असं पातं कोण मारतं?"

"बांधून झाल्यावर पुस्तक कुठं होतं?"

"इथंच, पात्याशेजारी. टँकर आला म्हणून घागरी घेऊन पळालो. दुकानात दोघं बसले होते. रद्दीवाला बन्सी आणि सावेडीचे श्रीमंतराव."

बन्सीनं तराजूच दाखवला. "मी किलोवर घेतो साहेब. एका पानासाठी हा उचलू का?"

श्रीमंतराव सह्या-शेऱ्यांची जुनी पुस्तकं जमवत आणि घरी येईल त्याला मिरवून दाखवत. "त्या बाईचं पुस्तक मी पाहिलंही नाही," म्हणत त्यांनी आपलीच भूगोलाची प्रत काढली. चामड्याचा पुठ्ठा, वर सोनेरी नक्षी. आत तीच ओळ, तेच नाव!

"आमच्या पणजीचं अक्षर. लंकाबाई काय जगात एकच होती? आणि खडी फोडणारीच्या आजीला कसली अक्षरओळख?"

"तेही खरंच," आसाराम पुटपुटला.

सहादेवांचे कान असे तापले, की त्यावर विडी पेटली असती असं आसाराम अजून शपथेवर सांगतो. पण आवाज थंड होता. "पानाला हे भोक?"

"जुनं पुस्तक. कसर लागायचीच."

दुसऱ्या दिवशी सकाळी सहादेवांनी सगळ्यांना श्रीमंतरावांच्या ओट्यावर जमवलं आणि दोन्ही पुस्तकं शेजारी मांडली.

"बाइंडर सुटला. पान चोरताना तो पट्टी मागे ठेवत नाही. बन्सीकडे पान नाही. राहिले श्रीमंतराव. यांच्या पणजीच्या पानाला भोक आहे. पुठ्ठ्याला आहे का, आसाराम?"

"नाही."

"पुढच्या पानाला?"

आसारामनं पान उन्हाकडे धरलं. "नाही हो!"

"म्हणजे अळी पुठ्ठा न पोखरता आत गेली, एकच पान खाल्लं आणि उडून गेली! पुंजाराम, काढ ते पान."

पुंजारामनं पाण्याचं बोट फिरवलं. खळ सुटली, पान अलगद हातात आलं. सहादेवांनी ते रंगुबाईच्या पुस्तकात पट्टीच्या जागी बसवलं आणि भोकात काडी घातली. तिरकी सरकत ती चाळिसाव्या पानाला टेकली.

"कापलेली कड तुम्ही छाटून सरळ केलीत, श्रीमंतराव. भोक कसं छाटणार?"

श्रीमंतराव लालबुंद झाले. "एका अडाणी बाईसाठी माझी अब्रू काढता? माझ्या दारात?"

रंगुबाई ओट्याची पायरी चढली. घट्ट्यांचे दोन्ही हात कमरेवर.

"राग आला व्हय? मग या की समोर. आजीनं लिहूनच ठिवलंय."

श्रीमंतराव एक पाऊल मागे सरले. मग आणखी एक. मग आतून कडी लागल्याचा आवाज आला.

पुंजारामनं कानामागची सुई काढून दोरा ओवला.

"बस बाई इथंच. तुझी आजी शिवून देतो."