उकंडरावांच्या घरचं बेणं

महाशिवरात्रीच्या बाजारासाठी डिंपल विहिरीवर रताळी धूत होती. तेवढ्यात बांधावरून एक परका तरुण आला आणि तिच्या आईला, पुष्पाबाईंना म्हणाला, "काकू, तुमच्या घरचं बेणं पायजे होतं मले..."

झालं! पुष्पाबाई तोंडाला पदर लावून हसायलाच लागल्या. डिंपलचे कान तापले. सोनाळ्यात कुणालाही विचारा — डिंपलच्या वडिलांच्या, उकंडरावांच्या घरचं बेणं, म्हणजे लावणीचे रताळ्याचे वेल, परक्याला मिळत नाहीत. ते जातात फक्त लेकीबरोबर, तिच्या सासरी. या बाबानं उभ्या उभ्या पोरीलाच मागणी घातली होती.

तो तरुण म्हणजे हरिओम, सुलतानपूरचा. रताळ्याच्या जुन्या जाती गोळा करणं हीच त्याची नोकरी. चूक कळल्यावर तो असा काही लाजला, की डिंपलला तिथंच आवडून गेला. सगळीकडे एकच लाल वाण राहिलाय, त्यावर रोग पडला तर सगळंच साफ, म्हणून निरनिराळे वाण जपायचे, असं तो समजावत राहिला. उकंडरावांच्या पांढऱ्या रताळ्यात जांभळी रेघ होती. तसं त्याला कुठंच सापडलं नव्हतं. उकंडरावांनी चहा पाजला, बेणं काही दिलं नाही.

तरी तो येत राहिला. कधी माती बघायला, कधी पानं बघायला... पानं कसली, डिंपललाच बघायचा! तिनं चोरून दोन वेल दिले असते तर कुणाला कळणार होतं? पण मग तो परत कशाला आला असता? तिनं नाही दिले.

आणि एका सकाळी बघतात तर रानडुकरांनी बेण्याचा वाफा पार उकरलेला. कोपऱ्यात थोडे वेल तेवढे उरले होते. आपण वेळेवर दिलं नाही, म्हणून डिंपल रडली. तिनंच हरिओमला फोन केला.

"घेऊन जाय बापू," उकंडराव म्हणाले. "रीत गेली चुलीत. वाण वाचला पायजे."

आता हा जाणार तो कायमचाच... डिंपल खाली मान घालून वेल कापत राहिली. हरिओमनं ते ओल्या पोत्यात गुंडाळले, पण त्याचा पाय निघेना.

"बेणं आज नेतो, काका. रीत मात्र बाकी राहू द्या. आईले घेऊन येतो मी... यायची हरकत नसन तं."

सगळे डिंपलकडे बघायला लागले. तिनं विळा खाली ठेवला.

"लवकर या," ती म्हणाली. "आमच्या घरच्या हाताबिगर ते बेणं लागत नाही."

रताळ्याचा वेल कुठंही लागतो, कुणाच्याही हातानं. हरिओमला हे चांगलंच ठाऊक होतं.

"हाव," तो म्हणाला, "ऐकलं मी तसं."