लाल गाडीचं नवं इंजिन

"थांबा! ते घेऊ नका."

जुन्या गाड्यांच्या सुट्या भागांच्या गोदामात तिचा हात सहा सिलिंडरच्या मोठ्या इंजिनावर होता. तिने वळून पाहिलं. बाह्या दुमडलेला एक उंच तरुण उभा होता.

"का? तुम्हाला हवंय वाटतं?"

"छे! तुम्ही मालकांना गाडीचं वर्णन सांगत होतात ना, ते कानावर पडलं. हे बसवायचं तर पुढची चौकट कापावी लागेल. ते लहान, चार सिलिंडरचं... अलगद बसेल."

ती दातांची डॉक्टर. बाबांच्या लाल, दोन सीटच्या स्पोर्ट्स कारचं इंजिन कायमचं जाम झालं होतं. बाबांनी एकच बजावलं होतं – काहीही कर, पण तिला कापू नकोस.

हा माणूस थापा मारत असला तर? पण डोळे तर तसे दिसत नव्हते...

"आणि नाही बसलं तर?"

"तर शिव्या द्यायला माझा पत्ता घ्या."

"पत्ता कशाला? तुम्हीच या बसवायला!" ती बोलून गेली, आणि कानापर्यंत लाल झाली.

तो आला. मग दर रविवारी येत राहिला. शाळेत भूगोल शिकवायचा, पण जीव सगळा जुन्या गाड्यांत. बाबा खुर्ची टाकून सूचना सोडत. पाना देता-घेता बोटं लागत, आणि दोघंही उगाचच इंजिनाकडे बघत.

एकदा ती बोल्ट आणायला गोदामात गेली, तर मालक हसत म्हणाले, "मास्तरांची कमाल आहे! ते इंजिन मी त्यांच्याच गाडीसाठी राखून ठेवलं होतं."

ती बघतच राहिली. विचारायचं ते गाडी सुरू झाल्यावरच, असं तिने ठरवलं.

अखेर बाबांनी किल्ली फिरवली. खर्र... आणि शांतता. पुन्हा तेच. त्याने वाकून एक वायर घट्ट केली – आणि इंजिन गुरगुरलं!

"हीच! हीच माझी गाडी!" बाबांचा आवाज भरून आला. तिचा जीव भांड्यात पडला.

"मी पण येते, बाबा."

"अजिबात नाही. शेजारच्या सीटवर माझी टोपी बसणार आहे," म्हणत बाबा फाटकाबाहेर पडलेसुद्धा.

गॅरेजमध्ये दोघंच उरली.

"स्वतःचं इंजिन मला का दिलंत?"

तो गडबडला. "इंजिन काय... दुसरं मिळेल. तुम्ही पुन्हा कुठे भेटला असता?" मग हळूच म्हणाला, "खरं सांगू? मघाशी ते सुरू झालं तेव्हा धस्सच झालं. म्हटलं, आता आपलं येणं बंद."

"वेडा आहेस का? पुढच्या रविवारी तुझ्या गाडीसाठी इंजिन शोधायला जायचंय."

"तुझ्या...?"

"हो, तुझ्या!"

"हुश्श..." त्याने इतका मोठा सुस्कारा सोडला की तिला हसू आवरेना. हसता हसताच तिने त्याचा ग्रीसने काळाकुट्ट झालेला हात हातात घेतला... आणि सोडला नाही.